दोन पाऊणे दीड

हेमाली पागधरेकडे एक बेट होतं. नवापुरात कुणाकडे होड्या होत्या, कुणाकडे वाड्या होत्या, एकाकडे तर बोईसरला दोन गाळे होते. पण बेट फक्त हेमालीकडे होतं. ते कॅरिबियन समुद्रात होतं, बोईसर स्टेशनपासून साधारण चौदा हजार किलोमीटर, आणि त्याचं नाव सेंट ऑर्सोला. हेमालीचा आजा नवशा पागधरे याच्या जिभेवर हे नाव काही केल्या बसेना. तो त्याला 'उसळ' म्हणायचा. "आमची हेमाली उसळ बेटाचं काम बघते," असं तो बंदरावर ऐटीत सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला ते खानावळीचं खातं असावं असं वाटायचं.

काम असं होतं. सेंट ऑर्सोलावरच्या एका मोठ्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याने 'आज काय बघू?' असं विचारायला खोलीतला फोन उचलला, की तो बोईसर पश्चिमेला, एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाजायचा. तिथं सहा टेबलं, सहा हेडफोन आणि धर्मेश सर. तिकडे सकाळचे सहा वाजले की इकडे दुपारचे साडेतीन, म्हणून ड्यूटी साडेतीनला सुरू. हेमालीने स्वतः आजवर उंबरगावच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. पण ज्वालामुखीला कुठली गाडी जाते, धबधब्यावर ऊन किती वाजता पडतं, जायफळाचा कारखाना कुठल्या वारी बंद असतो आणि पोपटांच्या रानात टोपी का घालावी, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

कामाचे नियम दोनच. पहिला: आपण कुठून बोलतो ते पाहुण्याला कळता कामा नये. त्याला वाटलं पाहिजे की हेमाली तिथंच, खाली, नारळीच्या झाडाखाली टेबल टाकून बसली आहे. टायरवाल्याने हवेच्या बंदुकीने चाकाचे नट सोडवायला घेतले की फोनवर म्हणायचं, "हा इथला एक दुर्मीळ पक्षी." आतापर्यंत सात पाहुण्यांनी तो पक्षी प्रत्यक्ष पाहिल्याचं कळवलं होतं. एकाने फोटोही पाठवला होता.

दुसरा नियम: पहिल्या तीन महिन्यांत तुमच्या नावावर तीन तक्रारी लागल्या, की नमस्कार.

हेमालीच्या दोन लागल्या होत्या. पहिली गंधकाच्या झऱ्यांवरून. एका गृहस्थाने विचारलं, तिथं बघण्यासारखं काय आहे? हेमालीने खरं ते सांगितलं: वास. एवढ्यासाठी अर्धा दिवस कशाला घालवता, असंही सुचवलं. बोईसरच्या काही रस्त्यांवर असला वास रिक्षाच्या भाड्यात मिळतो, हे वाक्य मात्र तिने नियमाला स्मरून गिळलं. दुसरी तक्रार मासळीवरून. एका जोडप्याने ताजी मासळी कुठे मिळेल असं विचारलं. यादीत तीन झकपक रेस्टॉरंटं होती, पण मासळी विकणाऱ्या बाईच्या पोरीला हे सांगवेना. तिने त्यांना पहाटे पाचला धक्क्यावर पाठवलं, कल्ले लाल आहेत का ते बघा म्हणाली, आणि भाव निम्म्यावरून सुरू करायला शिकवलं. जोडपं हुशार निघालं. अकरा किलोचा अख्खा कुपा मासा घेऊन ते हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरलं. तक्रार लिफ्टमधल्या बाकीच्यांनी केली.

आणि आता तीन महिने येत्या शनिवारी पुरे होत होते.

"हेमाली," धर्मेश सरांनी बजावलं, "शनिवारपर्यंत नवीन काय करायचं नाय. यादी वाचायची, फोन ठेवायचा. प्रोसेस म्हणजे प्रोसेस. समजली?"

"हो सर."

ती खरोखर समजली होती. नोकरी बोईसरला दुसरी मिळाली असती. कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर आत-बाहेर लिहायची तरी मिळालीच असती. पण बेट दुसरं कुठे मिळणार?

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. पलीकडे हॅलोरन नावाच्या बाई होत्या.

"आम्ही अठरा जण आहोत," बाई म्हणाल्या. "सगळे कॅनडातले निवृत्त पोस्टमास्तर. शनिवारी सकाळी आम्हाला कुठे तरी न्या. चढायचं नाही, पोहायचं नाही आणि बोटीत बसायचं नाही. दोघांना बोट लागते, बाकीच्यांना ते दोघं लागतात."

हेमालीने यादी काढली. यादीत अकरा सहली होत्या. पाचांत चढायचं होतं, तीनांत पोहायचं होतं, दोन बोटीच्या होत्या, आणि उरलेला जायफळाचा कारखाना शनिवारी बंद. प्रोसेस इथं संपत होती. हेमालीने नकाशा काढला. हॉटेलच्या पश्चिमेला लांबलचक वाळू, आणि वाळूसमोर अडीचशे मीटरवर एक इवलंसं बेट. त्यावर जुना दीपस्तंभ. दुसऱ्या कुणालाही हे बघून होडी आठवली असती. पण नवापूरच्या पोरीला वाळू आणि तिच्यासमोर हाकेच्या अंतरावर खडक दिसला, की एकच गोष्ट सुचते.

"समुद्र मागे गेला की चालत जा," ती म्हणाली.

"मागे जातो?"

"जातोच की. दिवसातून दोनदा."

"आम्ही आठ दिवस इथं आहोत," बाई म्हणाल्या. "आमच्या काही लक्षात आलं नाही."

"लोक लक्षच देत नाहीत," हेमाली म्हणाली, आणि 'आपल्या आवडीची पायी सहल' या रकान्यात तिने अठरा आकडा टाकला. त्या रकान्याला धर्मेश सरांची परवानगी लागत नव्हती. तीन महिन्यांत तो कुणी भरलाच नव्हता.

प्रश्न फक्त वेळेचा होता. त्यासाठी शुक्रवारी सकाळी ती किनाऱ्यावर आजाकडे गेली. तिची आई, हंसा, दोऱ्यांवर बोंबील उलटत होती, आणि नवशा त्या बोंबलांच्या सावलीत बसला होता. बोंबलांची सावली पडते तेवढी पडते. पण त्याला तीच आवडायची.

"आजा, उद्या कुठली तिथी?"

"बीज. वद्य बीज." नवशाने डोळेही उघडले नाहीत. "दोन पाऊणे दीड. दीडला भरती. तिथून सव्वासा तास मोज. पावणेआठला सुकती. एवढं पन शाळंत नाय शिकवलं?"

हा नवशाचा हिशेब. नवशाचा म्हणजे त्याच्या बापाचा, आणि बापाच्या बापाचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ हातात येते, आणि तिच्यात सव्वासहा तास मिळवले की सुकतीची, म्हणजे ओहोटीची. दोनाची पाऊणपट दीड, तिनाची सव्वादोन. मोबाइल नव्हते तेव्हाही हा हिशेब चुकला नव्हता आणि मोबाइल आल्यावर तर मोबाइलच तपासायला नवशाकडे आणत.

"पन आजा, मला सुकती तिकडची पायजे. बेटाची."

आता नवशाने डोळे उघडले. "उसळीची?"

"हां."

"तिकडं चंद्र दुसरा हाय?"

"नाय."

"मंग?"

"तिकडं घड्याळ साडेनऊ तास मागं हाय."

"घड्याळ मागं असंल," नवशा म्हणाला. "चंद्र कुनाच्या मागं-पुढं नाय ऱ्हात. तिकडच्या घड्याळात पावणेआठ. आन पुनवेला लागून हाय, मोठी सुकती. अर्धा कोस उघडा पडंल. किती मानसं?"

"अठरा. सगळे पोस्टमास्तर."

"अठरा पोस्टमास्तर? एका बेटावर?" नवशा उठून बसला. "मंग पत्रं कोन टाकतंय?"

"रिटायर हायत ते, बाबा," हंसा बोंबील उलटता उलटता म्हणाली. "आन हेमाली, त्या लोकांना शिंपल्यांवरनं चालवू नको गो. पाय कापतील, आन नाव तुझं लागंल."

हेमालीने अठराही जणांना सूचना पाठवली. शनिवारी पावणेआठला समुद्र मागे जाईल. चपला हातात घ्याव्यात. शिंपल्यांवर पाय देऊ नये. नऊच्या आत परत फिरावं. समुद्र येताना सांगून येत नाही.

शनिवारी बोईसरला सव्वापाच वाजले तेव्हा तिकडे बरोबर पावणेआठ झाले होते. अठरा पोस्टमास्तर पश्चिमेच्या वाळूत, चपला हातात घेऊन, एका ओळीत उभे होते. त्यांना घेऊन आलेल्या गाडीवानाचं नाव कस्बर्ट. त्याने हेमालीला फोन लावला.

"पोचलो. आता काय?"

"आता समुद्र मागे जाईल."

"कुठे?"

"मागे."

कस्बर्ट एकावन्न वर्षं त्या बेटावर राहत होता. त्याने समुद्राकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि त्याचे पैसे तासावर असल्यामुळे तो गाडीच्या पायरीवर बसला.

आठ वाजले. सव्वाआठ वाजले. समुद्र होता तिथंच होता; निळा, गुळगुळीत, कुठे जायची घाई नसलेला. दुसरी कुठली माणसं असती तर एव्हाना आरडाओरडा झाला असता. पण हे पोस्टमास्तर होते. वाट बघणं आणि बघायला लावणं यात त्यांची चाळीस चाळीस वर्षं गेली होती. ते शांतपणे उभे राहिले. एकाने तर ओळीत आपल्या पुढच्या माणसापासून नेमकं अंतर राखलं होतं.

बोईसरला पावणेसहा वाजले तेव्हा मात्र हेमालीने जन्मात जे कधी करावं लागलं नव्हतं ते केलं. भरती-ओहोटी इंटरनेटवर शोधली. तिथं लिहिलं होतं: कॅरिबियन समुद्रात भरती आणि ओहोटी यांतला फरक साधारणपणे एक वीत.

तिने ते दोनदा वाचलं. नवापुरात पाणी दोन पुरुष उंच चढतं आणि दोन पुरुष उतरतं. तिकडे सूर्य मावळतो का, हे कुणी आधी तपासून बघतं का? तसंच हे. समुद्र मागे जात नसेल, ही शंका यायला माणूस दुसऱ्याच कुठल्या तरी किनाऱ्यावर जन्मावा लागतो.

तिने आईच्या मोबाइलवर फोन लावला. "आजाला दे. आजा, तिकडं समुद्र मागं जातच नाय!"

"कोन बोलतंय असं?"

"इंटरनेट."

"त्याची होडी हाय?"

"आजा, नोकरी जाईल माझी!"

"मला दाव," नवशा म्हणाला.

हेमालीने आपला मोबाइल हेडफोनला जोडून व्हिडिओ कॉल लावला. एका चौकोनात नवशा आला, एका चौकोनात कस्बर्ट आणि त्याच्यामागे अठरा पोस्टमास्तर. नवशाने बराच वेळ तो समुद्र न्याहाळला. डॉक्टर जीभ बघतात तसा.

"त्या मानसाचं नाव काय?"

"कस्बर्ट."

"कसबेकरला सांग, पान्याच्या काठाला काठी रोव."

हेमालीने इंग्रजीत सांगितलं. एका पोस्टमास्तरांनी चालायची काठी दिली. कस्बर्टने ती पाण्यात रोवली, हॅलोरन बाईंनी पाणी जिथवर होतं तिथं केसांचं लाल रबर अडकवलं, आणि सगळे काठीभोवती गोल बसले. एकाने खिशातून वही काढून दर पाच मिनिटांची नोंद ठेवायला घेतली. दोन गट पडले. एक म्हणे पाणी जाणार, दुसरा म्हणे काठी रुतत्येय. कडाक्याचा वाद झाला. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर हवेशिवाय काही न बोललेली माणसं काठीवरून एकमेकांना नावं ठेवू लागली.

नऊला पाच कमी असताना पाणी लाल रबराच्या खाली उतरलं. चार बोटं.

असा जल्लोष झाला की हेमालीने हेडफोन कानापासून दूर धरला. टोप्या उडाल्या. कस्बर्टही उठून उभा राहिला. एकावन्न वर्षांत त्यालाही हे कुणी दाखवलं नव्हतं.

"एवढंच?" नवशा म्हणाला. "हा समुद्र नाय गो. हौद हाय."

"काय म्हणाले?" हॅलोरन बाईंनी विचारलं.

"म्हणाले, तुमचा समुद्र फार शांत आहे."

"मुली, मी एकतीस वर्षं तक्रारखिडकीवर बसले आहे. नावं ठेवलेली मला कुठल्याही भाषेत कळतात." बाई स्क्रीनच्या जवळ आल्या. "आणि दुसरं एक सांग. इथं सकाळ आहे. मग त्यांच्या मागे सूर्य का मावळतोय?"

हेमालीने समोर पाहिलं. नवशाच्या खांद्यावर, बोंबलांच्या दोऱ्यांमागे, नारिंगी गोळा चांगला परातीएवढा लटकला होता. आणि मॉनिटरच्या काचेत तिला आपल्या मागे उभे असलेले धर्मेश सर दिसले. ते मान हलवत होते. बोलू नको, बोलू नको. त्याच क्षणी खाली टायरवाल्याने बंदूक चालवली.

"तोच तो पक्षी!" मागून एक पोस्टमास्तर आनंदाने ओरडले.

हेमालीने डोळे मिटले. "पक्षी नाही," ती म्हणाली. "टायरवाला आहे. मी भारतात बसलेय, बोईसरला. ते माझे आजोबा, नवापूरचे. मी तुमचं बेट कधी पाहिलेलं नाही. आमच्याकडे समुद्र खरंच मागे जातो. मला वाटलं, सगळीकडचा जातो."

धर्मेश सरांनी कपाळाला हात लावला.

"किती मागे?" हॅलोरन बाई म्हणाल्या.

हेमालीने नवशाला विचारलं. त्याने मोबाइल फिरवला.

समुद्र नव्हता. होता, पण लांब, एक पांढरी रेघ. अलीकडे अर्धा कोस ओली चकचकीत वाळू आणि चिखल, त्यात होड्या कुशीवर निजलेल्या, आणि दुपारी जिथं दोन पुरुष पाणी होतं तिथून दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन गप्पा मारत चालत येत होत्या. एक कुत्रा समुद्राच्या तळाशी स्वतःच्याच शेपटीमागे फिरत होता.

"अरे देवा," एक पोस्टमास्तर म्हणाले. "कुणी नेला?"

"कुनी नाय नेला. येनार हाय परत," नवशा म्हणाला. "चला, दावतो."

आणि तो चालायला लागला. अनवाणी, हात लांब करून मोबाइल पुढे धरलेला. खेकड्याचं बीळ दाखवलं, चिखलात टुणटुण उडणारे निवटे दाखवले, होडीचा नांगर दाखवला. "हितं दुपारी माज्या डोक्यावर पानी व्हतं," म्हणून तो एका जागी थांबला आणि हात वर करून किती ते दाखवलं. हेमाली भाषांतर करत होती. पण थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की तिकडेही काहीतरी चाललं आहे. कस्बर्ट मोबाइल छातीशी धरून वाळूतून चालत होता आणि त्याच्यामागे अठरा पोस्टमास्तर एका ओळीत, चपला हातात. नवशा वळला की ते वळत. नवशा थांबला की थांबत. "हितं चिखल हाय, पाय जपून," असं नवशा म्हणाला, आणि सेंट ऑर्सोलाच्या खडखडीत कोरड्या वाळूत अठरा जणांनी गुडघे वर उचलून पाय टाकले. एका बाईंचा तोल गेला. त्यांना दोघांनी चिखलातून बाहेर काढलं.

नवशा चालत राहिला, पांढऱ्या रेघेकडे, मावळत्या उन्हात. "आता पुढं तुमाला..." तो म्हणाला, आणि त्याचा चौकोन काळा झाला. समुद्राच्या तळाशी रेंज नव्हती.

धर्मेश सरांनी हात पुढे करून कस्बर्टचा चौकोनही बंद केला.

"हेमाली," धर्मेश सर म्हणाले, "मी काय बोललो होतो?"

"नवीन काही करायचं नाही."

"आणि कुठून बोलतो ते?"

"सांगायचं नाही." हेमालीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. डब्याची पिशवी मांडीवर घेतली. धर्मेश सर खुर्ची ओढून बसले आणि अभिप्रायांचं पान उघडून वाट बघू लागले. पाहुणे सहलीनंतर गाडीतच अभिप्राय पाठवतात. पहिला आला. पाच तारे. दुसरा, पाच तारे, 'काठी अप्रतिम'. तिसरा, 'या बेटावरची सर्वोत्तम सहल, जी या बेटावर नाही'. सतरा आले, सतराही पाच ताऱ्यांचे. धर्मेश सरांची बोटं टेबलावर तबला वाजवू लागली.

अठरावा अभिप्राय लाल रंगात आला. तक्रार होती. हॅलोरन बाईंची.

"तिसरी," धर्मेश सर हळू म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. पण त्यांनी वाचायला घेतलं. "'सहल अर्धवट तुटली. वयस्क गृहस्थ समुद्रात खोल जात असतानाच चित्र गेलं. ते भरतीच्या आत घरी पोचले का, हे आम्हा अठरा जणांना तातडीने कळवावं. तोवर आम्ही गाडीतून उतरणार नाही.'"

"सर, मी जाऊ का मग?"

"थांब." धर्मेश सर पडद्याच्या आणखी जवळ गेले. अर्जात खाली एक रकाना असतो: तक्रार कोणाविरुद्ध. तिथं आजवर प्रत्येकाने नोकराचं नाव लिहिलेलं. हॅलोरन बाई एकतीस वर्षं तक्रारखिडकीवर बसलेल्या. रकाना कसा भरायचा ते त्यांना कळत होतं. त्यांनी लिहिलं होतं: मोबाइलची रेंज.

धर्मेश सरांनी ते तीनदा वाचलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"प्रोसेस म्हणजे प्रोसेस," ते म्हणाले. "ही तक्रार तुझ्या नावावर लागत नाय. रेंजच्या नावावर लागते. रेंजच्या अजून दोन झाल्या की बघू." त्यांनी खणातून कागद काढला, 'कायम' या शब्दाखाली सही ठोकली आणि तिच्यासमोर सरकवला. मग घाईघाईने म्हणाले, "अरे पण ते आजोबा? फोन लाव पहिला! माणसं गाडीत बसून आहेत तिकडे."

हेमालीने आईला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला. त्यातला एक पालघरच्या दाताच्या डॉक्टरांचा होता, आणि तिने त्यांनाही आपण कायम झाल्याचं सांगून टाकलं.

"आलेत गो, कवाच आलेत," हंसा म्हणाली. "पाय धुतायत. मला म्हनतात, पोस्टमास्तर झाले दावून. उद्या स्टेशनमास्तर असले तर पाठव."